कुरण संस्थेच्या समितीचं वर्ष : मार्चपासून की ऑक्टोबरपासून? (नागपूर विभाग)

कुरणमित्र

विदर्भातल्या कुरण आणि गुरचरण सांभाळणाऱ्या संस्थांच्या समित्यांसाठी हा धागा काढतोय. नवीन निवडून आलेल्यांना वर्षभराचं काम एका जागी वाचायला मिळावं, आणि जाणत्यांनी त्यात भर घालावी.

नेहमीचा क्रम सगळ्यांना ठाऊक आहे. मार्चअखेर हिशेब, त्यालाच लागून निवडणूक. एप्रिल-मे बँकेच्या सह्या बदलण्यात जातात. पाऊस लागतो आणि समिती गवतावर बोलायला पहिल्यांदा बसते तेव्हा पोळा झालेला असतो. तोवर कुरणाच्या ज्या कप्प्याला (भागाला) विश्रांती द्यायची, तो ढोरांनी खुरटून टाकलेला असतो. पुढचे दहा महिने मग फक्त तक्रारी ऐकायच्या.

म्हणून म्हणणं एवढंच आहे की समितीचं वर्ष गवताच्या वर्षाला बांधा. आपल्याकडे पावसाचं बहुतेक पाणी जून ते सप्टेंबरात पडतं आणि पवना, मारवेल, शेडा या गवतांची वाढ तेवढ्यातच उरकते. सप्टेंबर-ऑक्टोबरात जे उभं आहे, तेच पुढच्या जूनपर्यंत पुरवायचं असतं. नंतर एक काडी वाढत नाही. त्यामुळे समितीचा सगळ्यात मोठा निर्णय ऑक्टोबरातला: किती जनावरं, कुठं, किती दिवस.

वार्षिक सभा पोळ्यानंतर, सप्टेंबरात घ्या. नवी समिती ऑक्टोबरात गवत मोजेल, नोव्हेंबरात बी गोळा करेल, जानेवारीअखेर जाळरेषा (वणवा अडवायला कडेनं कापून-जाळून मोकळा केलेला पट्टा) काढेल, मे महिन्यात आखरावर (गावची ढोरं सकाळी गोळा होतात त्या जागी) जनावरं मोजेल आणि मृग लागायच्या आत कप्पा बंद करेल. पुढच्या सप्टेंबरच्या सभेत तिनं केलेलं काम उभ्या गवतात दिसेल आणि लोक त्यावर बोलतील.

२०२६ हे संयुक्त राष्ट्रांनी चराऊ कुरणांचं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलेलं आहे. त्या निमित्तानं कार्यक्रम होतील, व्हावेतही. पण प्रत्येक संस्थेनं निदान एका कप्प्याचं गवत नीट मोजून लिहून ठेवलं तर ती नोंद वीस वर्षं उपयोगी पडेल.

हिशेबवही

सप्टेंबरची सूचना कागदाच्या बाजूनंही सोयीची आहे. हिशेब ३१ मार्चला बंद होतात आणि लेखापरीक्षण अहवाल सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत धर्मादाय कार्यालयात जायला हवा. मार्चमध्ये सभा घेतली की तपासलेले हिशेब सभेपुढे येतच नाहीत, कच्चा ताळेबंद वाचून माना डोलावल्या जातात. सप्टेंबरात तपासलेला अहवालच मांडता येतो.

नियमावलीत वार्षिक सभेची मुदत लिहिलेली असेल तर आधी ती बदलून घ्या. तोंडी ठरवून महिना बदलला तर पुढे कोणीही हरकत घेऊ शकतो.

निवडणुकीनंतर दोन मुदती लक्षात ठेवा. संस्था नोंदणी कायदा, १८६० च्या कलम ४ प्रमाणे कार्यकारिणीची यादी वार्षिक सभेनंतर चौदा दिवसांत. आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ खालचा बदल अर्ज बदलापासून नव्वद दिवसांत. बदल अर्ज बहुतेक वेळा एकाच गोष्टीनं अडतो: जाणाऱ्या सभासदाचा राजीनामा किंवा मुदत संपल्याची नोंद नसते, आणि येणाऱ्याचं संमतिपत्र नसतं. सभा संपायच्या आत, तिथंच, दोन्ही कागदांवर सह्या घ्या. नंतर माणूस काटोलला, कागद उमरेडला, अशी वणवण होते.

बँकेतल्या सह्या आधी बदला, कारण जाळरेषेची मजुरी जानेवारीत रोख लागते. सभा सप्टेंबरात झाली तर मध्ये तीन-साडेतीन महिने मिळतात. मार्चची सभा असेल तर नेमकी कप्पाबंदीच्या आणि राखणदाराच्या पगाराच्या वेळी खातं अडकलेलं असतं.

आखर_उमरेड

कुरणमित्र भाऊ, क्रम पटला. पण जनावरं मोजायची म्हणजे कोणती, ते लिहायला हवं होतं. पशुगणनेचा आकडा उचलून लोक ठराव करतात आणि तिथंच फसतात. त्या आकड्यात गोठ्यात बांधून खाणाऱ्या संकरित गाई, दावणीची बैलजोडी, सगळं येतं. कुरणावर जातं ते वेगळंच.

मोजणी आखरावरच करायची. सकाळी ढोरकी (गुराखी) ढोरं गोळा करतो त्या वेळेला दोन माणसांनी आखराच्या तोंडाशी उभं राहायचं. एकानं मोठी मोजायची, दुसऱ्यानं वासरं-कालवडी. लागोपाठ तीन दिवस, आणि त्यात बाजाराचा दिवस नको, कारण त्या दिवशी आकडा हमखास कमी भरतो. शेळ्यांचा कळप वेगळ्या वाटेनं निघतो, त्याला वेगळा माणूस. ही मोजणी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एकदा आणि दिवाळीनंतर एकदा. दिवाळीनंतर पिकं निघतात, धुरे (बांध) मोकळे होतात आणि जी ढोरं पावसाळ्यात दावणीला होती तीही बाहेर पडतात.

आणि ढोरक्याला समितीत घ्या. नियमावली आडवी येत असेल तर कायम निमंत्रित करा. कोणत्या नाल्याशी गवत आधी संपतं, कोणाची ढोरं रात्री सुटतात, हे त्याला पाठ असतं. त्याची मजुरी थकली असेल तर कप्पा राखला जात नाही, मग ठराव कितीही चांगला असो. वसुली दर महिन्याला, जनावरामागे, आणि वहीवर त्याची सही.

गवतकाडी

गवत मोजायची रीत लिहिते, कारण इथंच सगळ्यात जास्त चुका होतात.

मोजायची चौकट बनवायला विजेच्या वायरिंगचा पीव्हीसी पाइप घ्या. एक-एक मीटरचे चार तुकडे आणि चार कोपरे. आतल्या बाजूनं मोजून बरोबर १ मीटर × १ मीटर भरलं पाहिजे; कोपऱ्यांमुळे दोन-तीन सेंटिमीटर वाढतात, तेवढा पाइप कापा. एक बाजू चिकटवू नका, काढघाल करता येईल अशी ठेवा. ऑक्टोबरात पवना कमरेएवढा असतो. बंद चौकट वरून टाकली की गवत वाकतं, बाहेरच्या काड्या आत येतात आणि वजन फुगतं. तीन बाजूंची चौकट गवताच्या बुडाशी सरकवायची आणि मग चौथी बाजू बसवायची.

जागा डोळ्यांनी निवडायची नाही. कप्प्याच्या एका टोकापासून सरळ चालत जा, दर पन्नासाव्या पावलाला उजव्या पायाच्या अंगठ्यापुढे चौकट. तिथं दगड असो, तरोटा असो, उघडी बरड (मुरमाड जमीन) असो, तिथंच मोजायचं. "इथं तर काहीच नाही, जरा पुढं घेऊ" म्हटलं की हिशेब गेला. एका कप्प्यात किमान वीस चौकटी.

विळ्यानं जमिनीपासून पाच सेंटिमीटरवर कापा. दोन ढीग करा: ढोरं खातात ते, आणि खात नाहीत ते (तरोटा, रानतुळस, घाणेरी, पक्की झालेली कुसळी). दोन्हींचं वजन वेगळं लिहा. स्प्रिंगचा काटा पाच किलोपर्यंतचा पुरतो. रिकाम्या पिशवीचं वजन आधी वजा करा.

सकाळी दहाच्या आत कापू नका. ऑक्टोबरात दव इतकं असतं की ओल्या गवताचं वजन फसवतं. खाण्याजोग्या ढिगातून २०० ग्रॅमचा नमुना कागदी पिशवीत घालून उन्हात वाळवा; लागोपाठ दोन दिवस वजन तेच आलं की वाळला. प्लॅस्टिकच्या पिशवीत नमुना नेला तर तो घामेजून बुरशी धरतो, मग तो फेकूनच द्यावा लागतो.

उदाहरण: वीस चौकटींची ओली सरासरी ५२० ग्रॅम. २०० चा नमुना वाळून ७० ग्रॅम, म्हणजे ३५ टक्के. ५२० चे ३५ टक्के १८२ ग्रॅम. चौरस मीटरला १८२ ग्रॅम म्हणजे हेक्टरी साधारण १.८ टन कोरडं गवत.

कुरणमित्र

गवतकाडी ताई, याच आकड्यावर पुढचा हिशेब मांडतो.

समजा १२० हेक्टरचं कुरण आहे, ३० हेक्टरचे चार कप्पे. हेक्टरी १.८ टन. त्यातलं निम्मं मुळांसाठी, मातीसाठी आणि पुढच्या वर्षासाठी सोडायचंच. उरलं ०.९ टन, एकूण १०८ टन. ३५० किलो वजनाचं एक जनावर म्हणजे एक एकक धरू. वजनाच्या दोन टक्के कोरडा चारा धरला तर दिवसाला सात किलो. १५ नोव्हेंबर ते ७ जून म्हणजे सुमारे २०४ दिवस. एका एककाला १,४२८ किलो लागतं. १०८ टनांत ७५ एककं बसतात.

आखर भाऊंच्या पद्धतीनं मोजलेली जनावरं वजनानं एककात आणा. चांगली गवळाऊ गाय जवळपास एक. २२० किलोची गावठी गाय ०.६३. तीस किलोची शेळी ०.०९ च्या आतच. गावाचा आकडा १५० एककं आला तर कुरण अर्धंच पोट भरेल. उरलेलं कुटार (मळणीनंतरचा भुसा), कडबा, धुऱ्याचं गवत यांतून यायला हवं. ही गोष्ट ऑक्टोबरातच सभेत सांगितली तर लोक सोयाबीन-तुरीचं कुटार जाळत नाहीत, राखून ठेवतात. एप्रिलमध्ये सांगून कोणाच्या हातात काही नसतं.

कप्पाबंदी आळीपाळीची. दर वर्षी एक कप्पा ७ जून ते १५ नोव्हेंबर पूर्ण बंद, बी पडेपर्यंत. पुढच्या वर्षी दुसरा. चार वर्षांत प्रत्येक कप्प्याचं बी एकदा जमिनीवर पडतं. पहिल्या वर्षी सगळ्यात खराब कप्पा घ्यायचा मोह होतो, तो टाळा. त्यात बी देणारी मुळंच उरलेली नसतात, वर्षभर राखून काही दिसत नाही आणि लोकांचा विश्वास उडतो. मध्यम कप्प्यापासून सुरुवात करा.

बरडीवरून

कप्पे पाडायच्या आधी जमीन कोणाची, ते पाहा. सातबाऱ्यावर "सरकार" आणि खाली "गुरचरण" असेल तर ती जमीन महसूल संहितेच्या कलम २२ खाली गावच्या ढोरांसाठी राखलेली. तलाठ्याकडं तीन गोष्टी मागा: निस्तार पत्रक, गाव नमुना १-ब (बिनभोगवट्याच्या जमिनी) आणि १-ई (अतिक्रमणं). आपल्या भागात निस्तार पत्रक हा फार मोलाचा कागद आहे. कोणत्या गटात चराई, कोणत्यात जळतण, कोणत्या वाटेनं ढोरं जायची, हे त्यात असतं. पांदणीचा (शेतवाटेचा) वाद बहुतेक वेळा तिथंच मिटतो.

नोंद "झुडपी जंगल" असेल तर सावध. २२ मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांमधल्या झुडपी जंगल जमिनी वनजमिनीच मानल्या आहेत. तिथं चर खोदणं, तळं, टाकी, तारेचं कुंपण, काहीही करण्याआधी वनविभागाशी लेखी बोलणं करा. चराईचा सामूहिक हक्क वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(घ) मध्ये येतो. दावा ग्रामसभेमार्फत जातो, संस्थेमार्फत नाही. संस्थेनं नकाशा, जुने कागद, पुरावे यांची मदत करावी.

पाणी अडवायला खोदतात त्या सलग समतल चरांबद्दलही. उताराच्या उघड्या मुरमाड बरडीवर ६० सेंटिमीटर रुंद, ३० खोल चर ठीक आहेत. पण जिथं पवना-मारवेलचं दाट बूड आहे तिथं चर खोदणं म्हणजे शंभर वर्षांची मुळं उपटून मातीचा ढीग करणं. त्या ढिगावर पहिल्या पावसात रानतुळस येते. खोल काळ्या जमिनीत तर चर नकोच, भेगा पडून काठ ढासळतात. आणि गवताच्या कुरणावर झाडांचं लागवड-उद्दिष्ट कोणी आणलं तर समितीनं स्पष्ट नाही म्हणावं. धुऱ्याला बोर, बाभूळ, पळस हवेत, सावली हवी. पण कुरणाच्या मधोमध रोपवन केलं की ती चराई गेली.

पशुसेवक

मे महिन्याच्या सभेत लसीकरणाचा विषय घ्याच. घटसर्प आणि फऱ्या यांची लस पावसाच्या आधी, मेअखेरपर्यंत. लस दिल्यावर प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे पाऊस पडल्यावर धावपळ करून उपयोग कमी. लाळ-खुरकत वर्षातून दोनदा. शेळ्या-मेंढ्यांना पीपीआर आणि आंत्रविषार या रोगांच्या लशी. जनावराच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक समितीच्या वहीत असेल तर आखरावरची मोजणी आणि लसीकरण एकाच यादीवर होतं.

पाण्याचा हौद: उन्हाळ्यात मोठ्या जनावराला चाळीस-पन्नास लिटर धरा. शंभर जनावरांना रोज चार-पाच हजार लिटर. हौदाभोवती दहा फूट मुरूम आणि दगड घाला, नाहीतर चिखल होतो आणि खुरं सडतात. मिठाची वीट हौदाजवळ ठेवू नका. ती दोन-तीनशे मीटर दूर, जिथं गवत आहे पण ढोरं जात नाहीत अशा बाजूला ठेवा. ढोरं आपोआप तिकडं चरायला जातात आणि हौदाजवळचं गवत वाचतं. दर पंधरा दिवसांनी वीट हलवा.

एक धोका. पावसाळ्यात कप्पा बंद असतो, ढोरं धुऱ्याकडं वळतात. ताण बसलेल्या कोवळ्या ज्वारीत किंवा कापणीनंतरच्या फुटव्यात शिरली तर किरळ (ज्वारीची विषबाधा) लागते. पोट फुगण्याची वाट पाहू नका. धापा टाकणं, थरथर, पडणं दिसलं की लगेच डॉक्टर. सोडियम थायोसल्फेट शिरेतून द्यावं लागतं. ढोरक्याकडे डॉक्टरांचा फोन नंबर लिहून हवा.

काटोलकर_२

जाळरेषेचं कोणी सविस्तर लिहील का? आमच्याकडं जुन्या मंडळींचं म्हणणं आहे की कुरण दरवर्षी जाळलं की गवत चांगलं फुटतं.

गवतकाडी

फुटतं, पण काय फुटतं ते पाहा. दरवर्षीच्या आगीत कुसळी टिकते आणि पसरते. पवना, मारवेल मागं पडतात. मध्य भारतातल्या आपल्या पवना-मारवेल प्रकारच्या कुरणांची उतरंड अशीच असते: आधी पवना-मारवेल जातात, कुसळी येते, मग नुसती बारीक वर्षायू गवतं. कोवळी कुसळी ढोरं खातात, पण कुसळं धरली की ती तोंडाला आणि मेंढीच्या कातडीला रुततात. हिरवी पालवी दिसते म्हणून दरवर्षी पेटवणं महाग पडतं.

कुरणमित्र

काटोलकर भाऊ, वनविभागाचा वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात. जाळरेषा त्याआधी संपली पाहिजे. कप्प्याच्या कडेनं सहा मीटरचा पट्टा आखा. त्याच्या दोन्ही काठांनी दीड-दोन मीटर गवत बुडाशी कापून पूर्ण बाहेर काढा. कापलेलं ढोरांना जातं. मधला पट्टा वाळला की संध्याकाळी, वारा पडल्यावर, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं थोडा-थोडा पेटवा. दोन्ही बाजूंना हिरव्या फांद्यांचे झोडणे घेतलेली माणसं, मागं पाण्याचे पाठीवरचे फवारे. आदल्या दिवशी ग्रामपंचायतीला आणि वनरक्षकाला लेखी कळवा. चूक होते ती कापलेलं गवत पट्ट्यावरच पसरून ठेवल्यानं: ज्योत उंच जाते आणि ठिणगी पलीकडं पडते.

मोहाच्या झाडांखालचा पाला मार्चच्या आधीच झाडून घेतला तर मोहफुलं वेचता यावीत म्हणून बुडाशी आग लावायचं कारण उरत नाही. ते काम मोह वेचणाऱ्या बायांशी बोलून ठरवा, समितीनं मजुरी द्यावी.

आखर_उमरेड

तणाचं राहिलं. रानतुळस ऑगस्टमध्ये, जमीन ओली असताना, फुलायच्या आधी मुळासकट उपटा. ऑक्टोबरात उपटली तर बी सांडत सांडत जाते, उलट पेरणीच होते. तरोटा शेंग धरायच्या आधी कापला तरी पुरे. घाणेरी नुसती छाटू नका, चौपट फुटते. बुडाशी माती बाजूला करून मुख्य मूळ जमिनीखाली तीन-पाच सेंटिमीटरवर कुदळीनं तोडा आणि झुडूप उलटं करून वाळत ठेवा. मोकळ्या झालेल्या जागी त्याच पावसात मारवेलचे ठोंब लावा, नाहीतर घाणेरीचंच बी उगवतं.

बाहेरून येणाऱ्या मेंढ्यांचाही ठराव ऑक्टोबरातच. किती कळप, किती रात्री, कोणत्या कप्प्यात, पाणी कुठलं, हे कळप यायच्या आधी कळपाच्या प्रमुखाशी बसून लिहा. लेंडीखताचा फायदा सगळ्यांनाच हवा असतो, भांडण होतं ते जागा न ठरवल्यामुळं.

हिशेबवही

शेवटची दुरुस्ती, महत्त्वाची. अनेक ठरावांत "बंद कप्प्यात जनावर आढळल्यास संस्था दंड आकारेल" असं लिहिलेलं असतं. संस्थेला दंडाचा अधिकार नाही. मोकाट ढोर कोंडवाड्यात घालायचं, आणि कोंडवाडा ग्रामपंचायतीचा. म्हणून आधी ग्रामसभेचा ठराव, मग संस्थेचा. मसुदा असा ठेवता येईल:

"ग्रामसभेच्या ठरावास अनुसरून कप्पा क्र. ३ (सीमा सोबतच्या नकाशाप्रमाणे, कोपऱ्यांचे दगड पांढऱ्या रंगाने रंगविलेले) दि. ७ जून ते १५ नोव्हेंबर चराईस बंद राहील. या काळात कप्पा क्र. १, २ व ४ खुले राहतील. बंद कप्प्यात आढळलेले जनावर राखणदार आखरावर आणून मालकास कळवेल. दुसऱ्यांदा आढळल्यास ग्रामपंचायतीच्या कोंडवाड्यात देईल. राखणदाराचे मानधन दरमहा ५ तारखेस अदा होईल."

कोणते कप्पे खुले आहेत ते ठरावात लिहायला विसरू नका. नुसतं बंद काय ते लिहिलं की ढोरकी अडतो, आणि दगड रंगवायचं काम पाऊस लागायच्या आत करा, ओल्या दगडावर चुना धरत नाही.